तेलाचा थर आणि तेलवाल्याचा हात



घर्षणावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे काहींना वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सूतगिरणीत फार झाले. वंगण हा तेथला आमचा पहिला धडा.

पोलाद कितीही गुळगुळीत दिसो, सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर डोंगरदऱ्याच दिसतात. दोन पृष्ठभाग टेकले की शिखरे शिखरांना भिडतात, सरकताना तुटतात. यंत्र तापते व झिजते ते यामुळे.

मग तेल काय करते? इंग्लंडात बीचम टॉवर नावाचे इंजिनियर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. त्यांचा अहवाल १८८३ सालचा. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता आणि बेअरिंगच्या माथ्याला भोक होते. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल वर आले. लाकडी बूच ठोकले, तर तेही बाहेर ढकलले गेले! फिरता आसच तेल आत ओढतो, तेथे दाब वाढतो आणि तो पातळ थर सारा भार तोलून धरतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले.

परंतु हा थर गतीतून जन्मतो. यंत्र सुरू होताना आणि थांबताना तो पुरेसा नसतो, धातूला धातू लागतो. म्हणून पृष्ठभागावरच संस्कार करावे लागतात. पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवून तो कठीण करतात. फॉस्फेटचा लेप तेल धरून ठेवतो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा राखतात. आरशासारख्या पृष्ठभागावर तेल टिकत नाही.

आता आमचा प्रश्न. हे तेल घालतो कोण? १९९३ साली आमच्या एका सोबत्याची बाही, चालत्या यंत्राला तेल घालताना, पट्ट्यात सापडली. दोन बोटे गेली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमाने हे काम शिकवून तयार केलेल्या प्रौढ पुरुषानेच, अंगासरशी कपडे घालून करावे, असे बजावले होते. ते कपडे मालकाने द्यायचे होते. आमच्या खात्यात ते कोणी पाहिलेच नव्हते.

आम्ही म्हणालो, तेल घालताना यंत्र थांबवा. साहेब म्हणाले, वरचेवर थांबवल्याने झीज वाढते. बोलणे खोटे नव्हते. टॉवरसाहेबांचा प्रयोग तेच सांगतो. म्हणून आम्ही दुसरी मागणी केली : तेलाची नळी जाळीबाहेर काढा, म्हणजे हात आत जाणार नाही. चार महिने भांडलो, तेव्हा नळी बसली. तिचा खर्च एका पाळीच्या मजुरीहून कमी होता.

यंत्राच्या दोन भागांमध्ये तेल हवेच. पण तेथे माणसाचा हात असता कामा नये, एवढेच आमचे सांगणे आहे.