अग्नीची तळी आणि जुन्नरचा कातळ

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



विषय जाहीर झाला तेव्हा एका गृहस्थांनी मला विचारले, "जुन्नरच्या मुलांना दूरच्या बेटांवरील ज्वालामुखींशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ओघाने येईल.

दक्षिण अटलांटिक महासागरात अंटार्क्टिकाच्या वाटेवर साउंडर्स नावाचे निर्जन, बर्फाच्छादित बेट आहे. तेथील माउंट मायकल या पर्वताच्या मुखात वितळलेल्या खडकाचे तळे असल्याचे २०१९ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. पर्वतावर न चढता, उपग्रहांनी अनेक वर्षे टिपलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी तळ्याची रुंदी ९० ते २१५ मीटर आणि उष्णता सुमारे १,००० ते १,२८० अंश सेल्सिअस ठरविली. प्रत्यक्ष माणूस त्या शिखरावर पोहोचला तो २०२२ मध्ये. अशी दीर्घकाळ टिकणारी तळी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

ज्वालामुखी म्हटला की एकदा भडकावा आणि थंड व्हावा, ही आपली समजूत. मग तळे वर्षानुवर्षे पातळ कसे राहते? आपल्याकडचे गुऱ्हाळ आठवा. काहिलीत रस उकळत असतो, मध्यावर उसळी येते, कडेला फेस सरकतो. लाव्हाच्या तळ्यातही खालून वायूने भरलेला, म्हणून हलका, तप्त रस वर येतो; वर आल्यावर वायू निसटतो, रस निवतो, जड होतो आणि पुन्हा खाली जातो. पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखी काळी पापडी धरते, ती फाटते, फटींतून तांबडा उजेड दिसतो, आणि पापडीचे तुकडे एका बाजूला बुडतात. फरक इतकाच की काहिलीखालचा जाळ आपण घालतो; येथे उष्णता खालून येणाऱ्या रसाबरोबरच येते. ही ये-जा थांबली की तळे गोठते. कधी रसाला दुसरी वाट सापडते. व्हानुआतु देशातील अंब्रिम बेटावरची तळी डिसेंबर २०१८ मध्ये काही दिवसांतच रिती झाली, कारण रस जमिनीखालून बाजूला निघून गेला.

अशी चित्रे दाखविली की कोणीतरी जहन्नमची आठवण काढतेच. त्याबद्दल आपल्या मौलवीसाहेबांनी बोलावे. मी भूगोलाचा माणूस. माझ्या नजरेला या तळ्यांमध्ये आपल्या घराचा पाया दिसतो.

शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीची लेणी, किल्ल्यावरच्या कमानी मशिदीचा दगड, हे सारे बेसाल्ट, म्हणजे गोठलेला लाव्हाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. विहीर खणताना दगडात पोकळ्या आणि त्यांत पांढरे स्फटिक सापडतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्या पोकळ्या म्हणजे बुडबुडे. तळ्यातून जो वायू आज निसटताना दिसतो, तसाच वायू येथे दगडात अडकला. स्फटिक मागाहून पाण्याने भरले.

बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या मते आपला लाव्हा ज्या खोलवरच्या उष्ण स्थानातून आला, ते आज हिंदी महासागरातील रेयुनियों बेटाखाली आहे. भारताचा भूखंड त्यावरून उत्तरेकडे सरकत आला. ते मागेच राहिले. त्या बेटावरील पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार लाव्हा ओततो. काही संशोधकांना ही उपपत्ती मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे.

एका बेटाशी मात्र आपल्या तालुक्याचे नाते याहून अलीकडचे आहे. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक गावाजवळ नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. ही राख आपल्या डोंगरांची नव्हे. आपला बेसाल्ट पातळ, वाहणारा. त्याच्या वायूला वाट मिळते. ज्या रसात सिलिका फार, तो चिकट असतो, वायू कोंडतो आणि स्फोट होतो. सुमात्रा बेटावरील टोबाचा तसा स्फोट झाला आणि राख समुद्र ओलांडून तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर येथे पडली. सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेच्या किरचांसारखी दिसते.

पण कोणत्या स्फोटाची? टोबाचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. काहींच्या मते राख त्याचीच; काहींच्या मते सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या स्फोटाची. पूर्वीच्या मोजणींत १४ लाख आणि ६ लाख ७० हजार असेही आकडे आले होते. हा वाद केवळ राखेचा नाही. त्याच थराच्या सान्निध्यात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. राखेचे वय ठरले तर कुकडीकाठी माणूस केव्हा दगड घडवीत होता, याला आधार मिळेल. महाराष्ट्रातील मानवाच्या इतिहासातले लाखो वर्षांचे अंतर या भुसभुशीत थरावर अवलंबून आहे.

त्या गृहस्थांना माझे उत्तर हेच. आता विनंती. राख मऊ आहे; पुराने झिजते, फावड्याने सहज निघते, आणि गाळात मिसळली की पुन्हा ओळखू येत नाही. बोरीला जाल तेव्हा पाहा, वही काढून थरांचे चित्र काढा, खालचे-वरचे थर कोणते ते लिहा. पिशवी मात्र भरून आणू नका. आणि काठावर ज्यांची शेते आहेत त्यांनी तेवढा तुकडा खणायचा सोडावा.