प्रयोगशाळा कोणाची?



विज्ञानशिक्षणातील विषमतेचा विषय निघाला की चर्चा पुस्तके व शिक्षक यांच्यापाशीच थांबते. पुस्तक हातोहात फिरते. उपकरण मात्र ज्या संस्थेच्या आवारात असते तिचेच राहते, आणि तेथेही रात्री व सुटीच्या दिवशी कुलपात पडून असते.

ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग १९९८ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत निघाला. प्रा. हेसूस देल आलामो यांनी ट्रान्झिस्टरचे गुणधर्म मोजणारे महागडे यंत्र इंटरनेटला जोडले. विद्यार्थ्याने किती विद्युतदाब द्यावयाचा ते दुरून कळवावे आणि यंत्राने खऱ्या ट्रान्झिस्टरवर मोजणी करून आकडे परत धाडावेत, अशी ही रचना. एकेक मोजणी थोडक्या वेळात आटोपत असल्याने एकच यंत्र अनेकांना पुरते. पुढे तेथील ‘आय-लॅब’ योजनेत यंत्राचा सांभाळ मालक-संस्थेकडे ठेवून विद्यार्थ्यांची नोंदणी व त्यांचे निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या संगणकावर ठेवण्याची सोय झाली.

युगांडातील माकेरेरे, टांझानियातील दार-एस-सलाम आणि नायजेरियातील ओबाफेमी आवोलोवो ही विद्यापीठे या योजनेत आली, तेव्हा मूळ प्रश्न पुढे आला. अमेरिकेतील यंत्र आफ्रिकेतील विद्यार्थ्याला वापरावयास देणे हे औदार्य खरे. परंतु दात्याचे धोरण बदलले की घेणाऱ्याचा प्रयोग संपतो. माकेरेरे व ओबाफेमी आवोलोवो येथील अध्यापक-विद्यार्थ्यांनी तुलनेने स्वस्त साधनांवर इलेक्ट्रॉनिक्सचे दूरस्थ प्रयोग स्वतः उभारले, याचे मोल म्हणूनच मोठे आहे. उपभोक्ता तेथे निर्माता झाला.

भारतातही केंद्र सरकारच्या २००९ साली सुरू झालेल्या शिक्षण-तंत्रज्ञान मोहिमेतून ‘व्हर्च्युअल लॅब्स’ निघाल्या. आय. आय. टी. मुंबईने लहानशा फलकावर तापक व पंखा बसवून तापमान-नियंत्रणाचा खरा प्रयोग दूरच्या विद्यार्थ्यांना खुला केला. तथापि या मोहिमेतील बहुसंख्य प्रयोग संगणकावरील प्रतिकृती आहेत. उजळणीसाठी त्या उपयुक्त होत. परंतु रचणाऱ्याने जेवढे घातले तेवढेच प्रतिकृतीतून बाहेर येते. खरे यंत्र अनपेक्षित आकडा देते आणि विद्यार्थ्याला विचार करावयास लावते.

येथे सावध राहणे अगत्याचे आहे. ‘इंटरनेटवर सोय आहे’ या सबबीखाली ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचे अनुदान कापले गेले किंवा प्रयोगशाळा सहायकाचे पद रद्द झाले, तर समतेचे साधनच विषमतेचे हत्यार ठरेल. तारा जोडणे, चुकीच्या जोडणीने वितळतार जळणे, हे शिक्षण हातांनीच घ्यावे लागते. दूरस्थ प्रयोगशाळा महाग व दुर्मिळ यंत्रांसाठी आहे; साध्या उपकरणांना ती पर्याय नाही.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी तीन मागण्या आग्रहाने मांडाव्यात. सार्वजनिक पैशातून घेतलेले आणि दुरून चालविता येण्याजोगे प्रत्येक यंत्र रिकाम्या वेळी इतर संस्थांना विनामूल्य खुले असावे. ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतन सामायिक निधीतून कायमस्वरूपी मिळावे. कारण अनुदानाची मुदत सरली की यंत्राची देखभाल थांबते आणि प्रयोग बंद पडतो. आणि तालुक्याच्या महाविद्यालयालाही एखादा प्रयोग स्वतः उभारून इतरांना देता यावा, यासाठी साहाय्य मिळावे. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे, त्यालाच घेतानाही ताठ मानेने उभे राहता येते.