भेदचाचणीची विद्या आणि तिच्या परीक्षांची तयारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर शाळेत मुलांना शिकविण्याचे काम केलेला एक निवृत्त शिक्षक आहे. मी संगणकाच्या विद्येवर बोलावे याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या शिक्षणनिधीकडे साहाय्यासाठी येणारे अर्ज वाचण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपविले आहे, आणि अलीकडे त्यांत ‘एथिकल हॅकिंग’, ‘पेनिट्रेशन टेस्टिंग’ अशा नावांच्या अभ्यासक्रमांसाठी कर्जाची मागणी वारंवार दिसू लागली आहे. ज्या गोष्टीसाठी समाजाचा पैसा द्यावयाचा, ती गोष्ट काय आहे हे समजून घेणे मी माझे कर्तव्य मानले. परीक्षा घेणाऱ्या संस्थांची नियमपत्रके वाचली, अभ्यास करणाऱ्या मुलांशेजारी बसून त्यांचे काम पाहिले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ. तेव्हा ती माउली तुटलेला कडा उतरून घरी गेली. हे महाराजांना कळताच त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधविला. आजच्या विषयाचे सारे सार या आख्यायिकेत आहे. या कड्यावरून कोणी जाऊ-येऊ शकणार नाही, ही समजूत खोटी असल्याचे शत्रूच्या आधी घरच्याच माणसाकडून कळले, आणि वाट बंद झाली. पेनिट्रेशन टेस्टिंग, म्हणजे आपण जिला भेदचाचणी म्हणू, ती हेच काम करते. मालकाच्या सांगण्यावरून त्याच्याच संगणकव्यवस्थेत शिरण्याची वाट शोधावयाची, ती त्याला लिहून द्यावयाची आणि ती बुजविण्याचा उपाय सांगावयाचा. हिरकणीला कोणी कडा तपासावयास पाठविले नव्हते. भेदचाचणी करणाऱ्यास मात्र आधी पाठवावे लागते. हा फरक लहान नाही. त्याकडे मी पुन्हा येईन.

ही कल्पना आजची नाही. जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली अमेरिकेच्या वायुदलासाठी संगणकसुरक्षेचा एक विस्तृत अहवाल लिहिला, त्यात व्यवस्थेतील उणीव शोधून आत शिरण्याच्या पायऱ्यांचा विचार आढळतो. त्या काळी अशा तपासनिसांच्या तुकड्यांना ‘टायगर टीम’ म्हणत. आपल्याकडे या कामाची निकड किती आहे, हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याने दाखवून दिले. अवघ्या काही दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातील मोठा भाग बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएम यंत्रांतून काढला गेला. सहकारी बँक म्हणजे आपल्यासारख्यांच्याच ठेवी! रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्ये बँकांसाठी सायबर सुरक्षेची जी चौकट घालून दिली, तीत अशा चाचण्या ठराविक काळाने करून घेण्याचा समावेश आहे. तेव्हा हा व्यवसाय खरा आहे, समाजोपयोगी आहे आणि त्यास मान आहे, हे पालकांनी निःशंक मनाने समजावे.

आता विद्यार्थ्यांसाठी पहिला पाठ. तो यंत्राचा नसून अनुज्ञेचा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४३ व्या कलमात मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे नुकसानभरपाईस पात्र ठरविले आहे. आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी केवळ पाहत होतो’, ‘मित्रानेच सांगितले होते’ ही सबब चालत नाही. मित्र हा त्याच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचा मालक नव्हे. शेजाऱ्याचे वायफाय, शाळेची निकालपत्रके, एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ यांवर हात चालवून पाहण्याचा मोह तरुण वयात होतो, आणि एका रात्रीच्या कुतूहलाने जन्माची नोकरी अडते. व्यावसायिक तपासनीसही लेखी अनुज्ञेवाचून कळफलकास हात लावीत नाही. कोणते संगणक तपासावयाचे, कोणते वगळावयाचे, कोणत्या वेळेत काम करावयाचे, हे सारे कागदावर आधी ठरते. काही परीक्षांतही हा विषय येतो.

मग अभ्यास करावयाचा कोठे? स्वतःच्या घरी. व्हर्च्युअलबॉक्स हा विनामूल्य प्रोग्राम एका संगणकाच्या पोटात दुसरे संगणक उभे करतो. एकात काली लिनक्स ही तपासनिसाची साधनपेटी ठेवावी आणि दुसऱ्यात मेटास्प्लॉइटेबल, म्हणजे सरावासाठी मुद्दाम कच्चा ठेवलेला संगणक. दोन्ही विनामूल्य मिळतात. मात्र या दोहोंचे जाळे बाहेरच्या इंटरनेटपासून तोडलेले असावे. कच्चा संगणक उघड्यावर ठेवणे म्हणजे घराचे दार उघडे टाकून गावी जाणे होय. यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. आठ जीबी स्मृतीचा संगणक प्रारंभास पुरतो, सोळा जीबीचा असल्यास सोयीचे.

अभ्यासाच्या क्रमाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुले प्रथम हत्यारांकडे धावतात. परंतु पाढे पाठ नसताना त्रैराशिक मांडणाऱ्या विद्यार्थ्याची जी गत होते, तीच यांची होते. पहिले दोन-तीन महिने संगणकांची जाळी आणि लिनक्स यांस द्यावेत. संगणकाचा पत्ता कसा बनतो, निरोप एका ठिकाणाहून दुसरीकडे कसा जातो, हे कागदावर आकृती काढून सांगता आले पाहिजे. प्रत्येक पत्त्यावर १ ते ६५,५३५ अशा क्रमांकांची दारे असतात. ८० व ४४३ क्रमांकांच्या दारांवर सामान्यतः संकेतस्थळे उत्तर देतात, २२ वर दूरच्या संगणकात प्रवेश मिळतो, ४४५ वर विंडोजची धारिकांची देवघेव चालते. एनमॅप हे १९९७ सालापासून चालत आलेले साधन कोणती दारे उघडी आहेत ते सांगते. परंतु उघडे दार पाहून पुढे काय विचारावे, हे एनमॅप शिकवीत नाही. ते पायाभूत ज्ञानच शिकविते. लिनक्सच्या आज्ञांच्या सरावासाठी ‘ओव्हरदवायर’ या संकेतस्थळावरील ‘बँडिट’ नावाचा खेळ पायरीपायरीने रचलेला आहे व विनामूल्य आहे.

त्यानंतर संकेतस्थळांतील उणिवा अभ्यासाव्यात. एक उदाहरण देतो. हजेरीपटावर नावाच्या रकान्यात एखाद्या खोडकर मुलाने ‘सर्वांची हजेरी मांडा’ असे लिहिले, आणि लेखनिकाने ते नाव न समजता हुकूम समजून अंमलात आणले, तर जे होईल तेच ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या दोषात होते. माहिती म्हणून घेतलेला मजकूर यंत्र आज्ञा म्हणून पाळते. उपाय असा की, मजकूर कोठे संपतो आणि आज्ञा कोठे सुरू होते याची सीमारेषा यंत्रास आधीच आखून द्यावी. पोर्टस्विगर या संस्थेच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीत अशा दोषांचे पाठ व सरावाच्या प्रयोगशाळा विनामूल्य आहेत. जाहिराती पाहून सहा आठवड्यांच्या वर्गासाठी मोठी रक्कम भरण्यापूर्वी पालकांनी मुलास विचारावे, “अरे, फुकट मिळते ते किती संपविलेस?”

तिसरी गोष्ट वहीची. तीच मला सर्वांत मोलाची वाटते. शाळेत विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे लिहीत असू. या विद्येची वही अगदी तशीच असावी. कोणती आज्ञा दिली, यंत्राने काय उत्तर दिले, त्यावरून काय वाटले, आणि ते खरे ठरले की खोटे. पडद्याचे छायाचित्र त्याच क्षणी घेऊन ठेवावे. या विद्येत एखादी वाट सापडली आणि ती पुन्हा दाखविता आली नाही, तर ती न सापडल्यासारखीच. चार तास एकाच जागी अडकलेल्या मुलास वाट दाखविते ती बहुधा त्याचीच जुनी वही.

परीक्षांविषयी आता थोडक्यात सांगतो. आयएनई या संस्थेची ईजेपीटी ही परीक्षा प्रारंभिकांसाठी आहे. ४८ तासांची मुदत, एक सरावासारखे जाळे आणि ३५ प्रश्न. उत्तरे पाठांतराने नव्हे, तर त्या जाळ्यात शोध घेऊन द्यावयाची. कॉम्प्टियाची पेनटेस्ट प्लस परीक्षा १६५ मिनिटांची असून तीत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. नियोजन, अनुज्ञा व अहवाल यांवरही तिचा भर आहे. सीईएच या परीक्षेचे नाव आपल्याकडे पुष्कळ ऐकू येते; तिच्या मुख्य भागात चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न सोडवावयाचे असतात, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा स्वतंत्र आहे. टीसीएम सिक्युरिटीच्या पीएनपीटी परीक्षेत पाच दिवस तपासणी, दोन दिवस अहवाललेखन आणि शेवटी परीक्षकापुढे तोंडी निवेदन अशी रचना आहे. ओएससीपी ही याच्या पुढची पायरी असून तीत २३ तास ४५ मिनिटे तपासणी व त्यानंतर अहवालासाठी २४ तास मिळतात. १०० पैकी ७० गुण मिळवावे लागतात. तिथे काही स्वयंचलित साधनांवर मर्यादा आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रांस बंदी आहे. तिचे शुल्क अभ्यासक्रमासह दीड हजार डॉलरांहून अधिक आहे. म्हणून पहिल्याच वर्षी तिच्यासाठी कर्ज काढू नये. प्रथम एक लहान परीक्षा, मग एखादी लहानशी नोकरी, आणि त्या नोकरीच्या पगारातून मोठी परीक्षा, हा मार्ग मध्यमवर्गीय कुटुंबास झेपणारा आहे.

परीक्षेच्या दिवसाविषयी घरातील मंडळींस एक विनंती. ओएससीपीसारख्या परीक्षेत कॅमेऱ्यातून परीक्षकाचे लक्ष असते. त्या दिवशी खोलीत येणे-जाणे नसावे, पाहुण्यांचा बेत नसावा, आणि वीज जाण्याचा धोका असल्यास इन्व्हर्टरची तजवीज आधी करावी. परीक्षार्थीने रात्रभर जागरण करण्याचा हट्ट धरू नये. वेळेचे वाटप करावे, एका यंत्रावर ठराविक काळ अडकल्यास दुसऱ्याकडे वळावे, वेळेवर जेवावे आणि चार-पाच तास झोपावे. थकलेले डोळे समोरचे उघडे दारही पाहत नाहीत.

अहवालाविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. हिरकणीच्या आख्यायिकेत बुरूज बांधला गेला म्हणून तिच्या उतरण्यास अर्थ आला. ग्राहक पैसे देतो ते शिरल्याबद्दल नव्हे, अहवालाबद्दल. त्यात संचालकांस समजेल असा सारांश, प्रत्येक दोषाची गंभीरता शून्य ते दहा या मापात, पुरावा आणि उपाय हे सारे असावे लागते. दोष फुगवून सांगू नये, आणि जेथे काही सापडले नाही तेथे तसेच लिहावे. शुद्ध, नेमके आणि प्रामाणिक लिहिणे ही जुन्या शाळेचीच शिकवण आहे. ज्या मुलास निबंधाचा कंटाळा आहे त्याने तो आजच सोडावा.

पालकांनी हेही लक्षात घ्यावे की, प्रमाणपत्र हातात आले म्हणजे नोकरी दारात आली असे होत नाही. पुष्कळांचा प्रारंभ सुरक्षाकक्षातील पाळीच्या कामापासून, जाळ्यांच्या देखभालीपासून वा साहाय्यकेंद्रातून होतो. त्यात कमीपणा नाही. ज्याने दारे सांभाळली आहेत, त्यासच ती कोठे कच्ची असतात हे कळते. आपल्या मुलींनीही या क्षेत्राकडे अवश्य वळावे. परीक्षेस लागते ती चिकाटी, आणि ती त्यांच्यापाशी आहे.

शेवटी मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, या परीक्षांच्या शुल्कासाठी निधीतून साहाय्य देताना जाहिरातीचे पत्रक न पाहता अर्जदाराची तीन महिन्यांची प्रयोगवही पाहावी. वही भरलेली असेल तर निधीने हात आखडता घेऊ नये. कोरी असेल तर मुलास प्रेमाने परत पाठवावे व तीन महिन्यांनी पुन्हा बोलवावे. दुसरी अशी की, मंडळाच्या वास्तूतील वाचनालयाच्या खोलीत दोन साधे संगणक, एक इन्व्हर्टर व तोडलेल्या जाळ्याची एक प्रयोगशाळा उभी करावी. ज्याच्या घरी जागा नाही व शांतताही नाही, अशा मुलास तिथे सायंकाळी दोन तास बसता येईल. एका विद्यार्थ्याच्या महागड्या वर्गाच्या शुल्कापेक्षा हा खर्च अधिक मुलांच्या उपयोगी पडेल, आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांस शिकविण्याची आपली जुनी रीतही त्यातून चालू राहील.

विद्यार्थीमित्रांनो, दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या विश्वासाने हाती येतील असा हा व्यवसाय आहे. विद्या परीक्षेने सिद्ध होते. विश्वास मात्र वागणुकीनेच मिळतो. तुम्ही दोन्ही मिळवाल अशी मला खात्री आहे.