आईची प्रत, बापाची प्रत

नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते. तिला लातूरकडचीही मंडळी लोटतात. घोडे, गाढवें, खेचरें यांचा तेथील बाजार प्रसिद्धच आहे. खेचराची आई घोडी, बाप गाढव. हीच जोडी उलटी लावली, म्हणजे घोडा बाप आणि गाढवी आई, तर होणारें शिंगरूं सामान्यतः लहानखोर निपजतें. खाण तशी माती म्हणावें, तर रक्त दोहोंतही निमें घोड्याचें, निमें गाढवाचें! घोडीची कूस मोठी, हें एक कारण खरेंच. परंतु तेवढ्यानें सगळा उलगडा होत नाहीं.

२०१३ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं या दोन्ही संकरांची वार तपासली. तींत कित्येक जनुकें केवळ बापाकडून आलेल्या प्रतीवरच चालत होतीं. मग बाप घोडा असो कीं गाढव.

अपत्यास जनुकांच्या दोन प्रती मिळतात व बहुधा दोन्ही कामास लागतात. थोड्या जनुकांवर मात्र आईबापांच्या बीजांतच खूण बसते. मजकूर तोच राहतो. कोणत्या प्रतीनें मौन धरावयाचें, इतकेंच ठरतें. दोन्ही हिस्से आईचेच किंवा दोन्ही बापाचेच असलेले उंदराचे गर्भ वाढत नाहींत, हें केंब्रिजमध्यें अझीम सुरानी व फिलाडेल्फियांत डेव्होर सोल्टर यांनीं १९८४ सालीं दाखविलें. पुढें अशा पेशी साध्या गर्भांत मिसळून पाहिल्या, तेव्हां आईच्या पेशी मेंदूच्या वरच्या थरांत शिरल्या, आणि बापाच्या खालीं, भूक-तहान सांभाळणाऱ्या भागांत जमल्या.

माणसाच्या घरांतील एका दुःखाचा धागा येथेंच लागतो. पंधराव्या गुणसूत्राचा एक ठराविक तुकडा बापाच्या प्रतींतून गळाला, तर आईची प्रत असून नसल्यासारखी. कारण तिनें मौन धरलेलें. असें मूल तान्हेपणीं निपचित, दूध ओढण्यासही अशक्त. पुढें मोठें होतां होतां त्यास अशी भूक लागते कीं ती शमतच नाहीं. हा प्रेडर-विली विकार. तोच तुकडा आईकडून गळाला, तर चित्र अगदीं निराळें: मूल सदा हंसरें, पण त्यास वाचा फुटत नाहीं, झटके येतात. यास एंजलमनचा विकार म्हणतात.

दुरडींतली भाकरी चोरून खाणाऱ्या पोरास घरचेच हावरट म्हणून मारतात, आणि वळण लावलें नाहीं हा बोल मात्र आईस! वस्तुतः तुकडा गळतो तो बहुधा बीज घडतांना, निव्वळ अपघातानें. त्यांत बापाचाही अपराध नाहीं. थोड्या रक्तावरून त्याची परीक्षा होते. निदान वेळीं झालें, तर वाढीच्या संप्रेरकाची सुई देतां येते, जेवण मोजून वाढतां येतें. आणि फडताळास कुलूप घालावें लागलें, तर तें शिक्षा म्हणून नव्हे, हें त्या मुलास आधींच समजावून सांगतां येतें.