काळ्या पडद्यावरचा स्टोअरकीपर

(कोपरगाव येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



वाचनालयातलं जुनं मराठी पुस्तक स्कॅन केलं की पानांची चित्रं मिळतात. त्यांत एखादा शब्द शोधता येत नाही. चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारा टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम आहे. तो एचपी कंपनीत घडला, २००५ साली खुला झाला, पुढे गूगलने वाढवला. आज तो मराठीही वाचतो आणि एक पैसा पडत नाही. प्रश्न इतकाच, की तो आपल्या संगणकात आणायचा कसा आणि आणल्यावर सांभाळायचा कसा.

डेबियन किंवा उबुंटू ही मोफत कार्यप्रणाली असलेल्या संगणकावर टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायचा काळा पडदा, उघडा. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' लिहा; ॲप्ट म्हणजे प्रोग्रॅम आणून बसवणारं साधन. पुष्कळांना वाटतं, याने प्रोग्रॅम नवे होतात. तसं नाही, फक्त उपलब्ध पॅकेजांची, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यांची, यादी ताजी होते. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार'. शेवटचं 'मार' म्हणजे मराठीची माहिती. ते विसरलात तर प्रोग्रॅम येईल, पण त्याला मराठी वाचता येणार नाही.

सहजानंदनगर किंवा कोळपेवाडीच्या साखर कारखान्यात नोकरी केलेल्यांना पुढचं चटकन कळेल. फिटर बेअरिंग आणायला बाजारात पळत नाही. तो इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, देतो; स्टोअरकीपर माल तपासून देतो, जोडीला लागणारं सीलही काढतो आणि रजिस्टरला नोंद करतो. ॲप्ट हेच करतं. यादीवरची डिजिटल सही तपासतं, उतरवलेली फाइल यादीशी जुळते का पाहतं, लागणारी इतर पॅकेजं सोबत आणतं आणि तारखेसह नोंद ठेवतं. त्याच्या हाताखालचं डीपीकेजी फक्त बसवतं. काही कमी पडलं तर कमी आहे एवढंच सांगतं, आणून देत नाही.

बसवणं मिनिटाचं. खरं काम त्यानंतरचं. 'ॲप्ट अपग्रेड'ने दुरुस्त्या येतात. 'रिमूव्ह'ने पॅकेज जातं, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात. त्याही नको असतील तर 'पर्ज'. सोबत आलेलं आणि आता कुणालाच न लागणारं सामान 'ऑटोरिमूव्ह'ने निघतं. मात्र हो म्हणण्याआधी पडद्यावरची यादी वाचा. 'सुडो' लिहिलं की संगणकाचे सगळे अधिकार त्या ओळीच्या हाती जातात. म्हणून मोबाइलवर कुणी पाठवलेली ओळ समजून घेतल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवू नका.

आणि सही म्हणजे सर्वस्व नव्हे. मार्च २०२४ मधली गोष्ट. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन. ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. तो थकलेला होता. मदतीच्या नावाने एकजण आला, दोनेक वर्षं नेटाने काम करून त्याने विश्वास कमावला आणि ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा ठेवला. पॅकेज रीतसर मार्गाने डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोचलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने कारण खणून काढलं, म्हणून जग वाचलं. डेबियनच्या स्थिर शाखेत ती आवृत्ती पोचलीच नव्हती. वाचनालयासारख्या ठिकाणी स्थिर शाखाच वापरा, असं मी म्हणतो ते यासाठी.

फुकट प्रोग्रॅममागेही कुणाचा तरी वेळ खर्च होत असतो. डेबियन १९९३ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर उभं आहे. त्यांचा वेळ आपण वापरतो, पण आपल्या टोकाला एक माणूस नेमायला तयार नसतो. संगणक येतो, उद्घाटन होतं, फोटो निघतो आणि पुढे दोन वर्षं एकही अपडेट होत नाही. हे थांबवणं अवघड नाही. आठवड्यातला एक ठरलेला वार, जबाबदार एक व्यक्ती आणि काय बसवलं, काय काढलं, का काढलं याची एक वही, एवढं पुरे. आपल्या तालुक्यात अभियांत्रिकीची मुलं आहेत. त्यांना हे काम द्या, पण फुकट राबवू नका. वाचनालयाच्या अंदाजपत्रकात संगणक खरेदीची ओळ असतेच. तिच्या खाली, तो सांभाळणाऱ्याच्या मानधनाची ओळ यंदापासून घाला.