एका सेंटाचे तिकीट

नाताळ जवळ आला की डेन्मार्कमधील टपालकचेऱ्यांत शुभेच्छापत्रांचे ढीग साचत असत. १९०३ साली असाच एक ढीग उपसताना आयनार होल्बोल नावाच्या टपाल कारकुनाच्या मनात आले, की या प्रत्येक पाकिटावर टपालाच्या तिकिटाशेजारी आणखी एक चिमुकले तिकीट चिकटले आणि त्याचे पैसे क्षयाने पीडित मुलांसाठी राखून ठेवले, तर कोणाच्याही खिशाला जड न जाता केवढी रक्कम उभी राहील! राजाला ही कल्पना पसंत पडली. १९०४ च्या नाताळात दिवंगत राणी लुईझ हिचे चित्र असलेली तिकिटे विक्रीस निघाली आणि पहिल्याच वर्षी ती चाळीस लाखांवर खपली. या पैशांतून पुढे कोल्डिंग येथे मुलांसाठी आरोग्यधाम बांधले गेले.

ही वार्ता अमेरिकेत पसरविली ती जेकब रीस या मूळच्या डेन्मार्कच्याच पत्रकाराने. मायदेशाहून आलेल्या पत्रावर ते तिकीट पाहून त्याने १९०७ साली एक लेख लिहिला. त्याचे सख्खे भाऊ क्षयाने गेलेले होते; तेव्हा त्या लेखात कळकळ उतरली यात नवल नाही. डेलावेअर राज्यातील एमिली बिसेल या बाईंनी तो वाचला. ब्रँडीवाइन नदीकाठी एक झोपडीवजा क्षयरुग्णालय होते. तीनशे डॉलर मिळाले नाहीत तर त्याला टाळे लागणार होते. बाईंनी उसनवारी करून पन्नास हजार तिकिटे छापून घेतली आणि ७ डिसेंबरपासून विल्मिंग्टनच्या टपालकचेरीत ती एक सेंटाला एक याप्रमाणे विकावयास ठेवली. प्रारंभी खप बेताचाच झाला. परंतु फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्राने हे कार्य उचलून धरले आणि हंगामाच्या अखेरीस तीनशेच्या जागी सुमारे तीन हजार डॉलर जमले. त्या वृत्तपत्राच्या कचेरीत, रस्त्यावर अंक विकणाऱ्या एका फाटक्या पोराने आपला सेंट पुढे करून तिकीट मागितले. त्याच्या बहिणीला हाच रोग जडला होता, असे सांगतात.

पुढील काही वर्षांत ही तिकिटे विकण्याचे काम मोठ्या प्रमाणावर शाळकरी मुलांकडे आले. येथे तेथील क्षयनिवारक संस्थेने मोठे शहाणपण दाखविले. १९१५ च्या सुमारास, ठराविक तिकिटे विकणाऱ्या मुलास ‘आरोग्याचा शिलेदार’ अशा अर्थाचे प्रमाणपत्र देण्यास तिने सुरुवात केली. पण लौकरच तिच्या ध्यानात आले की नुसत्या विक्रीने कोणी शिलेदार होत नाही. मग हात धुणे, दात घासणे, रात्री खिडक्या उघड्या ठेवून निजणे अशी नित्याची कामे मुलांना नेमून दिली. त्यांची नोंद ठेवावयाची आणि त्यावरून पायरीपायरीने पदव्या मिळवावयाच्या. लक्षावधी मुले या खेळात सामील झाली. दुसऱ्याच्या आजारासाठी पैसा गोळा करणारे मूल त्या आजाराविषयी काही शिकत होते, हे विशेष.

भारतात १९३९ साली स्थापन झालेल्या टी. बी. असोसिएशन ऑफ इंडियाने १९५० पासून तिकीटविक्रीची मोहीम हाती घेतली. गांधीजयंतीला आरंभ, प्रजासत्ताकदिनी समाप्ती. दुहेरी आडव्या दांड्याच्या क्रुसाचे ते तिकीट अनेक शाळांतून घरोघर गेले. हा क्रूस कोणत्या पंथाचा नव्हे. १९०२ साली बर्लिन येथील परिषदेत क्षयाविरुद्धच्या लढ्याचे चिन्ह म्हणून तो सुचविला गेला.

पण शाळेत आले की तिकिटाचे काय होते? वर्गावर्गांत चढाओढ लागते, आकडा फळ्यावर चढतो, आणि एखाद्या सुखवस्तू गृहस्थाचा मुलगा वडिलांकडून सबंध ताव खपवून पहिला येतो. त्याने कोणाचे दार ठोठावलेले नसते. उलट, ज्याच्या घरात चार पैसे जड, तो पोर न खपलेली तिकिटे दप्तरात लपवून गुरुजींची नजर चुकवितो. अशा वेळी तिकीट हे दान राहत नाही, पट्टी होते. आणि पट्टी वसूल करण्यासाठी सरकारला कचेऱ्या आहेत, शाळेने तो उद्योग का करावा? चार दारे हिंडून दोनच तिकिटे विकणाऱ्या मुलीने अधिक काम केलेले असते. लग्नाच्या मुली असलेल्या घरांत क्षयाचे नावही उच्चारीत नसत, आणि त्याच उंबरठ्यावर उभे राहून तिने ते नाव मोठ्याने घेतलेले असते. नकार ऐकण्याची, लाज गिळण्याची आणि जमलेल्या पै-पैचा हिशेब देण्याची सवय लागते ती अशाच फेरीत. जमलेला पैसा कोठे गेला, हे मात्र त्या मुलांना वर्गात वाचून दाखविले पाहिजे. ही साधी गोष्ट फार ठिकाणी राहून जाते.

रोगाचे रूपही दरम्यान पालटले. १९५६ साली सुरू झालेल्या मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की नियमित औषध मिळाल्यास रुग्ण घरी राहूनही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. त्यामुळे आरोग्यधामांसाठी निधी जमविण्याची निकड ओसरली. तथापि औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते आणि पोटात अन्न नसेल तर ते सोसत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने ‘निक्षय मित्र’ योजना काढली. तीत कोणतीही व्यक्ती वा संस्था रुग्णाची संमती घेऊन त्याच्या पोषक आहाराचा भार काही महिने उचलू शकते. महाविद्यालयातील दहा तरुणांनी आपल्या चहाच्या खर्चातून डाळ, तेल, शेंगदाण्यांची पिशवी भरली तर तेवढ्यानेही एका घराची सोय होते. ती पिशवी त्यांनी दर महिन्याला स्वतः पोहोचवावी, ओसरीवर बसावे, आणि औषधाचा डोस चुकला का, हे विचारून यावे.