कोणाच्या तोंडची ओवी?



श्रावण आला की मराठी घरांत पोथ्या बाहेर निघतात. ज्ञानेश्वरीच्या सप्ताहाचं गणित साधं आहे. नऊ हजारांच्या आसपास ओव्या आणि सात दिवस, म्हणजे रोज तेराशेच्या घरात. घसा बसतो, अर्थ पोथीतच राहतो. पारायणाला मी नावं ठेवत नाही. कानावर पडलेलं कधीतरी उगवतंच. पण थांबून कसं वाचावं, हे पाहायला आपल्याला, बुऱ्हाणपूरकरांना, गाव सोडायची गरज नाही.

इथे नागझिरीला कबीरपंथाचं निर्णय मंदिर आहे. याच परंपरेतल्या पूरणसाहेबांनी 1837 च्या सुमारास कबीरांच्या बीजकावर ‘त्रिज्या’ ही टीका लिहिली. बीजक तसा लहानसा ग्रंथ. त्यातली साखी तर दोनच ओळींची. पण पूरणसाहेब आधी विचारतात, हे बोलतंय कोण? मग त्या वचनावर खूण येते: गुरुमुख, जीवमुख, मायामुख किंवा ब्रह्ममुख. ग्रंथात आहे म्हणून सगळंच गुरूचं बोलणं नव्हे. काही भ्रमात पडलेल्या जीवाचं, काही खुद्द मायेचं. ते पारखून घ्यायचं, म्हणून हे साधू पारखी.

वारकऱ्याची रीत वेगळी. तो आधी हात जोडून देवाकडे बुद्धी मागतो. ज्ञानदेवांनीही गणेश, शारदा आणि सद्गुरू यांना वंदन करूनच गीतेला हात घातला. पारखी अदृश्य देवाकडे बुद्धी मागत नाही, समोरच्या गुरूला प्रश्न विचारतो. माझं मन वारकऱ्याकडे झुकतं. मागितल्यावर निदान ‘मला हे ठाऊक आहे’ हा ताठा उतरतो. पण मागून झालं की काम संपलं, असं मात्र नाही. एकनाथांची भक्ती काय कमी होती? तरी शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करण्याचं किचकट काम केलंच.

तेव्हा यंदा एखाद्या संध्याकाळी प्रार्थना म्हणा आणि पूरणसाहेबांचा प्रश्न ज्ञानेश्वरीला विचारून पाहा. अकरावा अध्याय घ्या. विश्वरूप पाहून अर्जुनाचा धीर सुटतो, ‘पुन्हा पहिल्यासारखा हो’ म्हणून तो विनवतो, आणि देव त्यालाच बोल लावतात. ती विनवणी भक्ताची की भ्यालेल्या जीवाची? घरात दोन माणसं असतील तर तीन मतं पडतील, आणि जेवायला उशीर होईल.